‘बनवलेलं’ आणि ‘बनावट’: निपाणीच्या एका प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न मी दोन-तीनदा वाचला. थोडक्यात तो असा आहे. तुम्ही विज्ञानाच्या समाजशास्त्रात पीएचडी करताय. घर निपाणीजवळ, घरची तंबाखूची शेती. दिवाळीला गावी गेलात तेव्हा काकांनी मोबाइलवर आलेला एक मजकूर दाखवला: ‘तंबाखूनं कॅन्सर होतो हे परदेशातून पसरवलेलं आहे, भारतात ते कुणी सिद्ध केलेलं नाही.’ तुम्ही विरोध केलात. त्यावर काकांनी तुमचंच वाक्य तुमच्यापुढं ठेवलं: ‘गेल्या खेपेला तूच सांगितलंस न्हवं, शास्त्रज्ञ सत्य बनवत्यात म्हणून? मग त्येंनी त्येंचं बनवलं, आमी आमचं बनवतो.’ तुम्हाला उत्तर सुचलं नाही. आता विचारताय की सत्योत्तर राजकारणाच्या, म्हणजे पुराव्यापेक्षा सोयीचं खोटं चालून जातं अशा ह्या दिवसांत विज्ञानाच्या अभ्यासकांनी काय करावं. शास्त्रज्ञांच्या बाजूनं उभं राहावं, अभ्यासक म्हणून तटस्थ राहावं, की हे सगळं बोलणं वर्गापुरतंच ठेवावं?

मी बेळगाव जिल्ह्यात एकतीस वर्षं विज्ञानाचा इतिहास आणि समाजशास्त्र शिकवलं. वर्गात निम्मी मुलं मराठी, निम्मी कन्नड असायची. आणि माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. त्यामुळं तुमच्या काकांचा प्रश्न मला परका वाटला नाही.

तुम्ही अडचण तटस्थतेची समजताय. मला वाटतं ती ‘बनवणं’ ह्या क्रियापदात आहे. मराठीत आपण भाकरी बनवतो, खुर्ची बनवतो आणि माणसालाही बनवतो. ‘त्यानं मला बनवलं’ म्हणजे फसवलं. आपल्या शाखेतली माणसं पन्नास वर्षं सांगत आली की वैज्ञानिक तथ्य आभाळातून पडत नाही, ते प्रयोगशाळेत, उपकरणांनी, वादावादीतून, पैशांच्या आणि संस्थांच्या आधारानं बनवलं जातं. आपल्या मनात पहिला अर्थ होता. लोकांनी दुसरा ऐकला, आणि ज्यांना लोकांनी दुसराच ऐकायला हवा होता त्यांनी तो मोठ्यानं वाजवला. काकांनी चूक केली नाही. शब्दाचा जो अर्थ घरात चालतो तोच त्यांनी घेतला.

मी वर्गात हा फरक गुऱ्हाळावरून समजावायची. तुम्हीही कधी काहिलीजवळ उभे राहिला असाल. रस उकळतो, भेंडीचं पाणी घालून मळी वर आणतात, ती काढतात. मग गुळव्या थोडा पाक गार पाण्यात सोडून बोटांनी चाचपतो. गोळी बसली तर काहील उतरवायची, नाही बसली तर थांबायचं. तो कितीही अनुभवी असो, मालक कितीही घाई करो, गोळी बसली नाही तर नाही. गूळ उसाला लागत नाही, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत माणसानं बनवलेला असतो. आणि बाजारात साखर मिसळून, रंग आणून विकला जाणारा गूळ असतो, तो बनावट. दोन्ही माणसांनीच केलेले. पण पहिल्यात रसाला ‘अजून नाही’ म्हणायची जागा होती आणि गुळव्यानं त्याचं ऐकलं. दुसऱ्यात ती जागाच ठेवली नव्हती. वैज्ञानिक तथ्यही असंच बनतं. ते बनवताना वस्तूला, आकड्याला, विरोधकाला ‘नाही’ म्हणायची किती संधी दिली होती, यावर ते किती पक्कं हे ठरतं. आपण ‘बनवलं जातं’ एवढंच सांगून थांबलो. कसं बनलं, आणि नीट बनलं की नाही, हे सांगायचं अर्धं काम आपल्याकडं बाकी राहिलं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या उरलेल्या अर्ध्या कामात आहे.

आता काहीजण सांगतील की सत्योत्तर काळ आपल्यामुळंच आला. ही भीती नवी नाही. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षं बसून तथ्य कसं घडतं हे टिपणारे ब्रुनो लातूर यांनी २००४ साली जाहीरपणे विचारलं होतं की हवामानबदल नाकारणारे लोक आपलीच हत्यारं वापरताहेत का. २००५ साली आपल्या शाखेतले स्टीव्ह फुलर अमेरिकेतल्या डोव्हर खटल्यात, म्हणजे शाळेत उत्क्रांतिवादाला पर्याय शिकवावा का ह्या वादात, उत्क्रांतिवादाच्या विरोधकांच्या बाजूनं साक्षीला उभे राहिले, आणि तो पक्ष हरला. ह्या गोष्टी टोचणाऱ्या आहेत, त्या लपवू नका.

पण तारखा बघा. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवणारा डॉल आणि हिल ह्या ब्रिटिश संशोधकांचा अभ्यास १९५० चा. जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकी सिगारेट कंपन्यांनी एकत्र येऊन चारशेच्या वर वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, तिचा आशय एवढाच होता की शास्त्रज्ञांचं एकमत नाही, आम्ही आणखी संशोधन करू. १९६९ साली तिथल्याच एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात ‘शंका हे आमचं उत्पादन आहे’ असं स्पष्ट लिहिलेलं सापडतं. आपल्याच शाखेतले डेव्हिड ब्लूर यांनी ‘खऱ्या आणि खोट्या समजुतींचा अभ्यास एकाच पद्धतीनं करा’ असा आग्रह धरला तो १९७६ साली, लातूर यांचं प्रयोगशाळेवरचं पुस्तक १९७९ चं. शंका विकणाऱ्यांना आपली पुस्तकं वाचायची गरजच पडली नव्हती. तेव्हा गुन्हेगार असल्यासारखं मान खाली घालून बसू नका. मात्र शंका कशी तयार होते आणि कशी विकली जाते हे ओळखायचं शिक्षण आपल्याला मिळालंय, आणि ते ज्याला मिळालंय त्यानं ते वापरलं पाहिजे.

काकांना आलेला मजकूरही कुठून आला हे तुम्ही शोधू शकता. २०१५ साली पाकिटांवरचे सचित्र इशारे ८५ टक्के जागेवर छापायचा नियम लागू होणार होता. तेव्हा त्या विषयावरच्या संसदीय समितीचे अध्यक्ष, आपल्या शेजारच्या महाराष्ट्रातलेच खासदार, म्हणाले की तंबाखूनं कॅन्सर होतो असं दाखवणारा भारतीय अभ्यास नाही, सगळे परदेशातले आहेत. नियम तेव्हा लांबणीवर पडला आणि १ एप्रिल २०१६ ला लागू झाला. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं तो रद्द केला, जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. आणि ‘भारतीय अभ्यास नाही’ ही गोष्ट तेव्हाही खोटी होती. २००८ सालीच देशभरातल्या घरांमधून मृत्यूंची माहिती गोळा करून केलेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. २०१० च्या सुमारास भारतात धूम्रपानानं वर्षाला साधारण दहा लाख मृत्यू होतील आणि विडी ओढणाऱ्या पुरुषाचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी कमी होतं, असं त्यात निघालं. विडी, म्हणजे आपल्याच भागातला माल. तो परदेशी निष्कर्ष नव्हे.

इथं मी आईकडं वळते, कारण तुम्हाला पुढं पडणारा प्रश्न तिच्यामुळं मला फार लवकर पडला.

थंडीत ती शेतावर शेंडे खुडायला, बगलफूट काढायला जायची. पहाटेच्या दवानं पाला ओला असायचा. घरी आली की हात काळे-चिकट, कोपरापर्यंत. राखेनं घासले तरी तो चिकटा जायचा नाही, आणि त्या हातानं भाकरी खाल्ली तर कडू लागते म्हणून मी तिला भरवायची. ओल्या पाल्यात काम केलं की रात्री तिला भोवळ यायची, ओकारी व्हायची. बायका म्हणायच्या, ‘तंबाखू लागली.’ पुढं वखारीत चाळण करायला लागल्यावर धुरळ्यानं खोकला सुरू झाला. एकदा तिला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी नाडी बघितली, अशक्तपणा आहे, दूध घ्या म्हणाले. आई म्हणाली, ‘पाला वाळलेला असला की हुईत न्हाई, वल्ला असला की हुतंय.’ त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं नाही.

ओल्या पानावरचं निकोटीन कातडीतून अंगात जातं आणि मळमळ, भोवळ, उलटी होते, हे आज वैद्यकशास्त्राला पुरतं माहीत आहे. १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या पानतोड्या मजुरांवरून त्याची नोंद झाली. आपल्याकडं अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं गुजरातच्या तंबाखू मजुरांमध्ये त्याचा अभ्यास केला. लघवीतला एक घटक मोजून ते दाखवता येतं. आईनं ‘वल्ला असला की’ म्हणून जे सांगितलं तो अगदी नेमका नियम होता.

म्हणजे आईनंही तज्ज्ञाच्या म्हणण्यावर शंका घेतली आणि सिगारेट कंपन्यांनीही घेतली. मग एकीला मान द्यायचा आणि दुसऱ्यांना विरोध करायचा तो कुठल्या आधारावर? ‘ती माझी आई’ हे उत्तर चालणार नाही. ‘ती गरीब, त्या श्रीमंत’ हेही पुरत नाही, गरिबाचंही चुकतं. मला बऱ्याच वर्षांनी जे सापडलं ते असं: आईला तपासायला हवं होतं. कुणी वही घेऊन आलं असतं, रोज पाला ओला की वाळलेला आणि रात्री काय झालं हे लिहिलं असतं, तर तिला आनंदच झाला असता, आणि निष्कर्ष उलटा आला असता तर तिनं तो सोसला असता. कंपन्यांना ‘आणखी संशोधन’ हवं होतं ते कधीच न संपणारं, आणि स्वतःच्या प्रयोगशाळेत जे दिसत होतं ते त्यांनी दाबून ठेवलं. कोणती शंका तपासाकडं नेते आणि कोणती तपासापासून दूर नेते, हे बघा. बोलणाऱ्याची पदवी नंतर बघा.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण तंबाखूचं उदाहरण सोपं आहे. तो वाद मिटलेला आहे. सगळे वाद तसे नसतात, आणि जिथं वाद खरोखर उघडा आहे तिथं ‘विज्ञान सांगतं, गप्प बसा’ म्हणणारा अभ्यासक तितकीच मोठी हानी करतो. कुठला वाद मिटला आणि कुठला उघडा, हे ओळखणं हे आपलं सगळ्यात महत्त्वाचं काम मी मानते. सत्योत्तर राजकारण मिटलेला वाद उघडा दाखवतं. आणि सरकारं, कंपन्या, कधीकधी शास्त्रज्ञसुद्धा उघडा वाद मिटलेला दाखवतात. दोन्ही खोट्याच गोष्टी. ह्या दुसऱ्या खोट्याकडं आपण डोळेझाक केली की पहिल्याबद्दल आपलं कुणी ऐकत नाही.

आमच्याकडचं कृष्णेच्या महापुराचं उदाहरण घ्या. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा नदीकाठ बुडाला. सांगली-कोल्हापूरची मंडळी म्हणतात, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यानं, म्हणजे धरणामागं तुंबून वर चढणाऱ्या पाण्यानं आम्हाला बुडवलं. खाली कर्नाटकात म्हणतात, महाराष्ट्रानं वरून एकदम पाणी सोडलं. चिकोडी, कागवाड, अथणीचे लोक मधोमध. ते सकाळी मराठी बातम्या बघतात, संध्याकाळी कन्नड, आणि दोन वेगळे गुन्हेगार ऐकतात.

२०१९ च्या पुरानंतर त्या थंडीत मी कृष्णाकाठच्या एका गावी चार विद्यार्थी घेऊन गेले होते. देवळाच्या ओवरीत बैठक. एकानं मराठी व्हिडिओ लावला: त्या दिवसांत अलमट्टीचे दरवाजे बंद ठेवले होते. दुसऱ्यानं कन्नड व्हिडिओ लावला: सगळं कोयनेचं पाणी. आवाज चढले. कोपऱ्यात एक निवृत्त शिक्षक बसले होते, ते उठून घरी गेले आणि शाळेची जुनी हजेरीवही घेऊन आले. पुराच्या प्रत्येक दिवशी, दिवसातून तीन-चारदा, पाणी देवळाच्या कितव्या पायरीला आहे हे त्यांनी वेळेसह लिहिलं होतं. पायऱ्या बुडाल्यावर खांबाचे हात मोजले होते. शेवटच्या दोन दिवसांच्या नोंदी शेजारच्या माडीवरून बघून केलेल्या, तसं समासात लिहिलेलं.

आम्ही कागदावर तीन रकाने आखले. तारीख-वेळ, पायरी, आणि तिसऱ्यात जाहीर झालेले धरणांचे आकडे, दोन्ही राज्यांचे. पहिल्या तासात मराठी व्हिडिओ गळाला. दरवाजे बंद असल्याचं ज्या दिवसांबद्दल सांगितलं होतं त्या दिवसांत अलमट्टीतून पाच लाख क्युसेकच्या वर विसर्ग चालू होता. मग कन्नड व्हिडिओही गळाला. पंचगंगा, वारणा, आणि धरणांच्या खालच्या मोकळ्या पाणलोटात पडलेला पाऊस त्यात धरलाच नव्हता, आणि त्या पावसाला कुठल्याच राज्याचा दरवाजा नसतो. मंडळी जरा शांत झाली. दोन्ही बाजूंचं एकेक पडल्यामुळं कुणाला हरल्यासारखं वाटलं नाही, हेही खरं.

पण एक प्रश्न उरला. पुराच्या आधी अलमट्टीची पातळी वर ठेवली असेल तर तिचा फुगवटा नक्की कुठवर पोचतो? महाराष्ट्र सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० मध्ये सांगितलं की सांगली-कोल्हापूरच्या पुराला अलमट्टी कारणीभूत नाही. ते सगळ्यांनी मान्य केलेलं नाही. जलाशयाची पातळी ५१९.६ मीटर आहे, ती ५२४.२५६ पर्यंत न्यायची मुभा कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादानं २०१० मध्ये दिली आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध चालू आहे. पायऱ्यांच्या वहीवरून हा प्रश्न सुटणार नव्हता. त्याला नदीपात्राचे ठिकठिकाणचे छेद लागतात, गाळ किती साचला ते लागतं, पुलांचे भराव लागतात. मी तसं सांगितलं. शिक्षक म्हणाले, ‘म्हणजे ह्ये अजून ठरायचं हाय. मग तसंच लिवा, बाई.’ आणि त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर माझ्याकडून ते वाक्य मराठीत आणि माझ्या एका विद्यार्थिनीकडून कन्नडमध्ये लिहून घेतलं. खाली तारीख घातली.

त्या बैठकीत मी कुणाची बाजू घेतली नाही असं तुम्हाला वाटेल. मी घेतली. दोन व्हिडिओ खोटे आहेत हे मी स्पष्ट सांगितलं. तटस्थपणाचा अर्थ खऱ्या-खोट्याला समान अंतरावर ठेवणं असा होत नाही. ब्लूर यांची समान पद्धतीची शिस्त ही अभ्यासाची शिस्त आहे: खरी समजूतही कशी रुजली हे विचारा, खोटीही कशी रुजली हे विचारा. दोन्ही सारख्याच खऱ्या, असं त्यात कुठंच नाही. हा गोंधळ आपल्या वर्गांतून सुरू होतो, तो तिथंच काढायला हवा.

मिटलेला म्हणून दाखवलेल्या उघड्या वादाचं एक उदाहरण लसीचं. भारतात तयार झालेल्या कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ ला मर्यादित वापराची मंजुरी मिळाली, तेव्हा तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीतली परिणामकारकता कळलेली नव्हती. ज्यांनी हे विचारलं त्यांच्या देशप्रेमावर संशय घेतला गेला. पुढं त्याच वर्षी ७७.८ टक्क्यांचा निष्कर्ष आला. तेव्हा मी दोन वाक्यं जोडून बोलायची: ‘मंजुरीची घाई चुकली होती. आता आकडे आलेत, लस घ्या.’ आशा कार्यकर्तीबरोबर घरोघरी फिरताना मला दिसलं की पहिलं वाक्य बोलल्यावर दुसरं ऐकलं जातं. नुसतं दुसरं बोललं तर दार अर्धंच उघडं राहायचं. तुमच्या भागात कदाचित उलटं होईल, पहिल्या वाक्यानंच माणूस घाबरून मागं जाईल. ते तुम्हाला समोरचा माणूस बघूनच ठरवावं लागेल.

आता काकांचं. त्यांच्या मजकुरामागं काय आहे ते मला निपाणीची असल्यामुळं दिसतं. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी हायवेवर बसले होते, गोळीबार झाला, माणसं मेली. ज्या पिकासाठी रक्त सांडलं ते पीक विष आहे असं शहरातून शिकून आलेला पुतण्या सांगतो, तेव्हा काकांना त्यात पुरावा ऐकू येत नाही. ‘तुमचं आयुष्य वाया’ एवढंच ऐकू येतं. कॅन्सर नाकारणं हा त्यांच्यासाठी स्वतःला वाचवायचा मार्ग आहे. तुम्ही दहा आकडे टाकलेत तरी तो मार्ग ते सोडणार नाहीत, कारण दुसरा तुम्ही दाखवलेला नाही.

म्हणून दोन प्रश्न वेगळे करा. तंबाखूनं कॅन्सर होतो का? होतो, आणि त्यात आता शंका नाही. तंबाखू कमी करायची झाली तर त्याची किंमत कुणी मोजायची? हा प्रश्न पूर्ण उघडा आहे आणि त्यात काकांचा शब्द कुठल्याही प्राध्यापकाच्या शब्दापेक्षा वजनदार आहे. भारतानं २००४ साली मान्य केलेल्या तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारातलं १७ वं कलम सांगतं की तंबाखू पिकवणाऱ्यांना आणि त्यात राबणाऱ्यांना परवडणारा पर्याय मिळावा यासाठी सरकारांनी प्रयत्न करायचे. हे कलम वखारीतल्या किती बायकांना कुणी वाचून दाखवलं? पाकिटावरचं चित्र मोठं झालं, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण विडी वळणाऱ्या बाईला पर्याय काय, यावर तेवढा जोर कधी लागला नाही. ही पोकळी राहिली की तिथं अफवा येऊन बसते. आपण अभ्यासकांनी नुसत्या अफवा मोजत बसू नये, ती पोकळीही दाखवावी. काकांना तुम्ही कलम १७ समजावून सांगितलंत तर पुरावा त्यांच्या विरोधात वापरला जातोय ही भावना बरीच कमी होईल. माझ्या अनुभवात तसं झालंय. सगळ्या वेळी झालं नाही.

भाषेचंही सांगते. तुमचा प्रबंध इंग्रजीत असेल, असू द्या. पण त्यातला जो भाग निपाणीबद्दल आहे तो मराठीत लिहा, आणि कुणाला तरी धरून कन्नडमध्येही करून घ्या. आमच्या जिल्ह्यात एकाच भाषेत सांगितलेलं सत्य लगेच त्या भाषेच्या माणसांचं होऊन बसतं. महापुराबद्दल मराठीत लिहिलं तर ‘महाराष्ट्राची बाजू’, कन्नडमध्ये लिहिलं तर ‘कर्नाटकाची’. दोन्हींत एकच रकाने छापले की निदान भांडण रकान्यांवर होतं. आणि ‘बनवलं जातं’ हा शब्दप्रयोग सोडा. मी ‘घडवलं जातं’ आणि ‘तावून-सुलाखून निघतं’ असं बोलायला लागले तेव्हापासून निम्मे गैरसमज टळले.

शेवटची गोष्ट कठीण आहे, ती तुम्ही विचारली नाहीत पण मला सांगायलाच हवी. डॉ. नरेंद्र दाभोलकर, २० ऑगस्ट २०१३, पुणे. गोविंद पानसरे, फेब्रुवारी २०१५, कोल्हापूर. प्रा. एम. एम. कलबुर्गी, ३० ऑगस्ट २०१५, धारवाड. गौरी लंकेश, ५ सप्टेंबर २०१७, बेंगळुरू. ह्या चौघांना गोळ्या घालून मारलं गेलं. नकाशा काढून बघा, चारही शहरं एकाच हायवेवर आहेत, आणि तो हायवे निपाणीवरून, बेळगाववरून जातो. त्याच रस्त्यावर १९८१ चं आंदोलन झालं. कलबुर्गी शिलालेख आणि लिंगायत शरणांची वचनं तपासणारे संशोधक होते, पुरावा काय सांगतो एवढंच विचारणारे. ती बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिकवू शकले नाही. मुलं आणि मी नुसते बसून राहिलो.

हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुम्ही एकटे जाऊ नका, एवढंच सांगायचंय. गावातल्या कुणाला तरी, शिक्षकाला, आशाताईला, सोसायटीच्या सचिवाला बरोबर घ्या. विद्यार्थ्यांना पुढं करू नका. मोबाइलवरच्या गटात वाद घालू नका, तिथं प्रत्येकजण चारचौघांसमोर बोलत असतो आणि चारचौघांसमोर कुणी मत बदलत नाही. आणि श्रद्धेच्या प्रश्नाला हात घालायच्या आधी तुमच्याबद्दल गावात दुसऱ्या कुठल्या तरी कामामुळं विश्वास तयार झालेला असू द्या. मी पुराच्या वहीपासून सुरुवात केली. तुम्ही तंबाखूपासून करा, तुमचं ते घरचं आहे.

पुढच्या वेळी गावी जाल ते थंडीत, शेंडे खुडायच्या दिवसांत जा. सकाळी काकांबरोबर शेतात उतरा, खुडायला येणाऱ्या बायकांना विचारा की तंबाखू कधी लागते, पाला ओला असताना की वाळल्यावर, हाताला कापड बांधलं तर फरक पडतो का, पोटात अन्न असताना पडतो का. काकांनाच वहीत लिहायला सांगा, महिनाभर, रोज, तारखेनिशी. ज्या दिवशी कुणाला काही झालं नाही तेही लिहायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. मग ती वही घेऊन दोघं मिळून तालुक्याच्या डॉक्टरांकडं जा, आणि ते काय म्हणतात ते काकांनाच विचारू द्या. काकांनी ‘आमी आमचं बनवतो’ म्हटलं होतं ना, मग त्यांना खरोखरच बनवू द्या. त्यांचे रकाने आखताना गरज वाटली तर मला कळवा, मी निपाणीला महिन्यातून एकदा येते.